पेजेचा नेम

म्हाताऱ्या आईचं काय करायचं, हा प्रश्न ज्या घराला पडला नाही असं घर आपल्या रत्नागिरीकडे शोधून सापडायचं नाही. मुलगा मुंबईला, सून मुंबईला आणि म्हातारी गावात. तिला मुंबईला आणावी तर खोलीत पाय पसरायला जागा नाही. गावात ठेवावी तर तिच्याकडे बघणार कोण? महिपत रहाट्याच्या घरातही हाच प्रश्न होता. पण महिपत स्वतःला नशीबवान समजत असे, कारण त्याच्या तळकोंड गावात जनीआते होती.

जनी ही तळकोंडचीच लेक. कोवळ्या वयात नवरा गेला, पोटी मूल नाही, म्हणून भावाकडे परत आली. पुढे भाऊही गेला. गावातली लहानथोर सगळीच तिला आते म्हणत. तिने गावासाठी काय केलं होतं, ते महिपत मुंबईच्या खोलीत नव्या आलेल्या पोरांना नेहमी सांगत असे.

एका आषाढात काशीराम नावाचा एकटा म्हातारा आपल्या घरात मरून पडला. त्याचा मुलगा मुंबईला बोटीवर. म्हातारा गेला हे शेजाऱ्यांना कळलं ते वासावरून. जनीआतेने त्या घरात जाऊन त्याचं पेजेचं मडकं उचललं आणि ती सरळ गावकीच्या बैठकीला गेली. बाईमाणसाने गावकीत पाय ठेवायचा नाही असा रिवाज. ती पालखी बसवायच्या सहाणेखाली उभी राहिली आणि मडकं पुरुषांसमोर उपडं केलं.

"ह्यात एक शीत न्हाय, बघून घ्या! म्हातारा रोगानं न्हाय गेला. भुकेनं गेला. आनी तुमी समदी हाकेच्या अंतरावर बसून जेवत व्हतात!"

पुरुष चिडले, तिला घालवून द्यायला उठले. ती हलली नाही. पुढच्या बैठकीला आली, त्याच्या पुढच्यालाही आली. शेवटी गावकीने नेम केला. ज्या म्हाताऱ्याचा मुलगा मुंबईला आहे, त्याला शेजारच्या घरांनी वार लावून पेज पोचवायची. सोमवार एका घराचा, मंगळवार दुसऱ्या घराचा. आणि मुलगा शिमग्याला गावी आला की त्याने त्या घरांची लाकडं फोडून, कुंपणाचे दगडी गडगे रचून, छपरं शाकारून ते फेडायचं. तेव्हापासून तळकोंडात आईबापांना मागे ठेवून माणसं निर्धास्त मुंबईला जाऊ लागली.

महिपत गोदीत मुकादम होता. त्याची आई राही नेमातली पेज खाऊनच शेवटची वर्षं जगली आणि गेली तेव्हा तिचं डोकं जनीआतेच्या मांडीवर होतं. महिपत पोचला तो बाराव्याला. आतेचे पाय धरून तो ओक्साबोक्शी रडला होता.

तेव्हापासून एक गोष्ट त्याच्या मनात घोळत होती. आपल्याकडे पुढाऱ्यांचे सत्कार होतात, साहेबाची बदली झाली तरी त्याला हार घालतात. मग म्हाताऱ्यांसाठी गावाशी भांडलेल्या ह्या बाईचा सत्कार का होऊ नये? त्याने मुंबईतल्या गाववाल्यांच्या मंडळात हे मांडलं आणि सगळ्यांनी उचलून धरलं. शाल घेतली. मानपत्र छापून काचेच्या चौकटीत बसवलं. त्यावरचे 'वृद्धांची माउली' हे शब्द महिपतने सुचवलेले. चौकट पुढे धरून तो ते शब्द मोठ्याने वाचून दाखवी.

त्या वर्षी शिमग्याला तो बायकोला, तुळसाला घेऊन निघाला. इतर मंडळी मागून यायची होती. तयारी बघायची म्हणून हा आधी. बोटीने रत्नागिरी बंदर, तिथून सर्विस मोटारीने हातखंबा, आणि पुढे ट्रंक डोक्यावर घेऊन पायवाट. वाटेत भाजावळीने काळी झालेली शेतं, काजूला आलेला मोहोर. तुळसा मागून मुकाट चालत होती. सासू गेल्यावर ती पहिल्यांदाच गावी येत होती.

गावच्या वेशीवरच रावजी गावकर भेटला. गावकीचा मुख्य तोच. ताठ म्हातारा, शब्दाला पक्का आणि रिवाजाला त्याहून पक्का. त्याचा एकुलता एक विश्राम गेल्या वर्षी मुंबईत तापाने गेला होता आणि सून माहेरी निघून गेली होती. महिपत त्याबद्दल दोन शब्द बोलणार, तोच रावजीने सहाणेकडे हात केला.

"मांडव बघितलास? पताका लावायच्या ऱ्हायल्यात. पालखी सहाणेवर बसली की लगेच तुमचा सत्कार."

"आणि आते कशी आहे?"

"हाय. पडून असते जरा. वय झालं."

महिपतला त्यात काही वावगं वाटलं नाही. ट्रंक ओटीवर ठेवून, आतेला बातमी द्यायची म्हणून तो तुळसाला घेऊन तिच्या खोपटाकडे निघाला. मनाशी तो वाक्यं जुळवत होता.

खोपटाचं छप्पर एका बाजूने बसलं होतं. गेल्या पावसाआधी ते कोणी शाकारलंच नव्हतं. दाराचा झाप ढकलला आणि आतून अशी दुर्गंधी आली की तुळसाने पदर नाकाला लावला.

जनीआते कोपऱ्यात एका घोंगडीच्या तुकड्यावर पडली होती. पायांच्या नुसत्या काड्या. पाण्याचं मडकं तिच्या हातापासून दूर कलंडलेलं होतं आणि त्यात पाणी नव्हतं. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या. त्यांच्यावर मुंग्या होत्या.

"कोन हाय?"

"आते, मी महिपत."

"राहीचा महिपत?" तिचे डोळे त्याला शोधत राहिले. "मुंबईसून कंदी आलास? जेवलास काय?"

महिपतने जुळवलेलं एकही वाक्य त्याच्या तोंडातून बाहेर आलं नाही. तो तसाच खाली बसला. तुळसाने मात्र पदर खोचला. सासू जिवंत असताना जिच्या हातून तिची कधी चार दिवस सेवा झाली नव्हती, ती तुळसा एक अक्षर न बोलता पाणी आणायला धावली. तिने चूल पेटवली, म्हातारीचं अंग पुसलं, मुंग्या एकेक करून काढल्या. आतेला हुडहुडी भरली तेव्हा महिपतने घरून सत्काराची शाल आणली आणि तिच्या अंगावर घातली. टाळ्या नाहीत, हार नाही, समोर कोणी माणूस नाही!

पेजेचे चार घोट पोटात गेल्यावर आतेच्या आवाजात थोडी धुगधुगी आली.

"आते, नेमातली पेज येत नाही तुला?"

"नेम लेकवाल्यांचा, बाबा. माज्या पोटी कोन हाय?"

महिपतला ते नीट उमगेना. तुळसाला तिथे बसवून तो शेजारी चिमाकडे गेला. चिमा त्याच्या चुलतभावाची बायको. त्याला बघताच ती काय ते समजली आणि डोळे टिपायला लागली.

"भावजी, मी देत व्हते वाईच. परवा भाकरी टाकून आले. पन मामंजी बोलले, वार नसलेल्याला द्यायला लागलीस तर ते कायमचं गळ्यात पडंल. मग मी चोरून देत ऱ्हायले. माला वाटलं, दादूकडनं बी जात असंल."

महिपत चिमाच्या शेजारच्या दादूकडे गेला. दादूला वाटलं होतं चिमाकडून जात असेल. त्याच्या पलीकडच्या घराला वाटलं होतं दादूकडून. सगळ्या वाडीत असं एकही घर नव्हतं की ज्याला आतेची काळजी नव्हती, आणि रोज पेज घेऊन जाणारं घरही एक नव्हतं!

परत येताना चिमा पुन्हा वाटेत आली.

"भावजी, रागावू नका, पन इचारते. तुमी मुंबईत येवढी सभा भरवलीत, शाल आनलीत. तवा कोनी एकानं तरी पुसलान काय, आते चालते का, तिला दिसतं का, ती जेवते का?"

खरंच, विचारलं नव्हतं कोणी. गावाहून येणारा माणूस 'आते बरी आहे' म्हणे आणि मंडळ मानपत्राच्या मजकुराकडे वळे.

संतापाने तो रावजीच्या खळ्यात जाऊन उभा राहिला.

"गावकर, ज्या बाईने नेम करवून घेतला तीच उपाशी? तुम्हाला लाज कशी वाटली नाही?"

रावजी ओटीवर सुपारी कातरत होता. त्याने अडकित्ता खाली ठेवला.

"आवाज खाली. नेम तिच्यासमोरच झाला. मुंबईकर लेक येऊन फेडनार, म्हनून गावानं वार लावले. ज्याला लेक न्हाय त्याचं कोन फेडनार? गावकी तवाच बोलली व्हती, तसली पेज आमच्यानं व्हायाची न्हाय. आते म्हनाली, तर मग बिनलेकराची माज्याकडं. तिनं सोता पत्करलं."

"आणि ती पडली, तेव्हा?"

रावजीने पुन्हा अडकित्ता उचलला. महिपतला एकाएकी आठवलं. गावाच्या टोकाला, वहाळापलीकडे भिकाजी नावाचा एक म्हातारा राहत असे. जन्म गलबतावर काढलेला, ना बायको ना मूल. शिमग्यात मुंबईकरांना बंदराबंदरांच्या गोष्टी सांगायचा. आते रोज त्याला पेज नेई.

"भिकाजी कुठे आहे?"

"गेला. भादव्यात."

"कसा गेला?"

"म्हातारा व्हता, गेला." रावजी उठून उभा राहिला. "गावाची अब्रू चव्हाट्यावर मांडू नको, महिपत. पालखी येतेय, आजूबाजूच्या गावचे मानकरी येनार. सत्कार झाल्यावर आतेचं काय ते बघू."

महिपत खोपटात परतला तेव्हा त्याचा निश्चय झाला होता. तो आतेजवळ बसला.

"आते, तुझा सत्कार करणार होतो आम्ही. सहाणेवर, सगळ्यांसमोर. मी तो मोडतो. ह्या गावाला तुझ्या गळ्यात हार घालायचा अधिकार नाही."

आतेने त्याचं मनगट धरलं.

"मोडू नको. माला सहाणेवर ने."

"वाटेतच जीव जाईल त्यांचा!" तुळसा घाबरून म्हणाली.

"जाऊ दे गो. समद्यांच्या देखत जाईल. भिकाजीवानी न्हाय जायाचा." आते थांबून थांबून बोलू लागली. "पावसात पाखाडीच्या दगडावरनं पाय घसरला माजा. हातात त्याचीच पेज व्हती. कंबर मोडली. मानसं आली, उचलून हितं टाकलीन. येईल त्याला मी सांगत व्हते, माजं ऱ्हाऊ दे, भिकाजीला पेज द्या. समदी व्हय व्हय म्हनत. मी समजले, देत असतील. मग एक दिवस दादू आला नि बोलला, आते, आता भिकाजीची काळजी करू नको. तवा समजलं माला."

तिने डोळे मिटले. "माजा सत्कार व्हायाचा तर तिथंच हू दे. माला गावाला एक इचारायचं हाय."

पालखीच्या दिवशी सकाळी महिपत आणि दादूने एका वाशाला गोधडी बांधून झोळी केली. तिच्यातून आतेला सहाणेवर आणलं. ढोल वाजत होते. मुंबईची मंडळी नव्या टोप्या घालून पुढे बसली होती. बाया गडग्याच्या कडेला दाटीने उभ्या होत्या. झोळी खाली टेकली, आतेला खांबाशी पाठ टेकवून बसवलं, आणि तिचं रूप बघून ढोल वाजवणारे आपसूक थांबले. वर्षभरात तिला न बघितलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मंडळाचा एक गृहस्थ हळूच म्हणाला, "हीच का आते?"

महिपतने मानपत्र हातात घेतलं. "वृद्धांची माउली..." एवढं वाचलं आणि त्याची जीभ पुढे चालेना. चौकट त्याने सहाणेच्या कठड्यावर पालथी ठेवली.

"मला वाचवत नाही. आतेच बोलेल."

रावजी हातात हार घेऊन पुढे आला होता. आतेने त्याला हातानेच थांबवलं. तिचा आवाज इतका बारीक होता की मागची माणसं पुढे सरकली.

"माजा सत्कार करताव, बरं वाटलं. आता सांगा. आज वार कोनाकोनाचे?"

कोणाला काही कळेना. चिमा धीर करून म्हणाली, "रामाच्या आवशीला आज दादूच्या घरची पेज. गंगुबायला आमच्याकडनं."

"बरं. नि माजा वार कोनाच्या घरी?"

चिमाने पदर तोंडाला लावला. रावजी खाकरला.

"आते, नेम लेकवाल्यांचा. तुला ठावं हाय."

"माला नेम शिकवतोस, रावज्या? तो मीच भांडून घेतलाय. फेडनार कोन, येवढंच तू इचारलंस तवा. मी भिकाजीला पेज न्हेत व्हते. त्यानं काय फेडलान माजं? हसून बोलायचा, येवढंच. अरे, पुढं फेडनारा कोन हाय ते बघून भूक लागते काय?"

"पन गावानं किती जनांना पोसायचं..." रावजी म्हणायला लागला.

"थांब. तुला बरं वाटनार न्हाय, पन बोलते. तुजा विश्राम गेला." हे नाव रावजीसमोर गावात वर्षभर कोणी उच्चारलं नव्हतं. "सून गेली. आज हातपाय चालतात, तू गावकर हायस. उद्या माज्यावानी पाय घसरला तर तुजा वार कोनाच्या घरी? तुला तरी कोन लेक येनार हाय फेडायला? तुज्याच नेमानं तू भिकाजी झालास, रावज्या! तू बी भिकाजीच!"

रावजीचा हात खाली आला. त्याच्याकडे बघणाऱ्यांना वाटलं, आता हा म्हातारा भडकणार, उठवून लावणार सगळ्यांना. पण तो सहाणेच्या मातीत बसला. रिवाजाला पक्का असलेला तो माणूस सगळ्या गावासमोर रडायला लागला.

"तो हाका मारीत व्हता," तो म्हणाला. "भिकाजी. माज्या खळ्यात ऐकू येत व्हत्या. वहाळाला पानी व्हतं, पन साकवावरनं जाता आलं असतं. माज्या घरात शिजलेलं व्हतं. मी इचार केला, आज दिलं तर उद्या गाव म्हनेल, गावकरानंच नेम मोडला. मी दार लावून घेतलं. माजाच लेक नुकता गेलेला, माला कळायला नको व्हतं? माला कळलं, तरी मी दार लावून घेतलं!"

बायांतून हुंदके यायला लागले. दादूने मान खाली घातली. भिकाजीच्या हाका आणखी किती घरांत ऐकू गेल्या होत्या, ते त्या खाली गेलेल्या मानांवरून दिसत होतं.

तेव्हा महिपत उभा राहिला. सभेत बोलायची त्याला सवय होती, पण आज त्याला शब्द शोधावे लागत होते.

"गावकऱ्यांनो, एकट्या रावजींना दोष देऊन आपण घरी जायचं नाही. दोष आम्हा मुंबईकरांचाही आहे. आपल्या आईला पेज पोचते ना, एवढं आम्ही बघितलं. पोचवणारी बाई कोण, ती पडली तर तिचं काय, हे आमच्या मनातही आलं नाही. तिला माउली म्हटलं की आपलं काम झालं असं आम्हाला वाटलं! आम्ही लाकडं फोडली, गडगे रचले, पण ते आपापल्या आईबापांच्या वाटचे. आतेचं खोपट गळत होतं, आणि शिमग्याला आलेल्या एकाही मुंबईकराने त्यावर गवताची पेंढी टाकली नाही. आज मी सगळ्यांसमोर सांगतो, ज्याचा मुलगा नाही त्याचं मी फेडीन. माझ्याबरोबर कोण आहे?"

पुढे बसलेल्या मुंबईकरांत चुळबुळ झाली. मग एकजण उठला, दुसरा उठला, आणि हळूहळू सगळेच उठले.

रावजीने डोळे पुसले. पालखीकडे तोंड करून त्याने हात जोडले आणि गावकर म्हणून बोलला. "आजपासून वार लेकाला बघून लागनार न्हाय. जो म्हातारा झाला, जो एकटा हाय, त्याचा वार. लेक असो, नसो. हा गावाचा नेम. आतेचा सोमवार माज्या घरी. मी सोता आनून देईन."

"मंगळवार आमच्याकडं," चिमा म्हणाली. सासऱ्याकडे तिने बघितलंही नाही. मग घराघरांतून आवाज येत गेले.

आतेने ते सगळं ऐकलं. "बरं झालं," एवढंच ती म्हणाली. हार तिने घालून घेतला नाही. "आता घरी न्या. माला थंडी वाजते."

वाचकहो, ही गोष्ट इथे संपली असती तर सांगणाऱ्यालाही बरं वाटलं असतं. पण नेम बदलला म्हणून मोडलेली कंबर सांधत नाही, आणि इतक्या महिन्यांची उपासमार चार दिवसांच्या पेजेने भरून येत नाही. महिपतने आतेला आपल्या घरी आणलं. मुंबईला परतायची वेळ आली तेव्हा तुळसा म्हणाली, "तुमी जावा. मी ऱ्हाते." महिपतने तिच्याकडे बघितलं. "सासूबाईंच्या येळेला मी न्हाय आले," ती म्हणाली.

वार चुकले नाहीत. सोमवारी रावजी स्वतः पेज घेऊन येई आणि आतेच्या उशाशी बसून तिला भरवी. पण आतेच्या घशाखाली दिवसेंदिवस कमीच उतरू लागलं. पाठीच्या जखमा भरल्या नाहीत. तापात ती भिकाजीला हाका मारी आणि त्याची पेज गार होतेय म्हणून उठायला बघे. वैशाखात एका सकाळी तुळसा तिचं तोंड पुसायला गेली तेव्हा अंग थंड लागलं.

गावाने बारावं मोठं करायचं ठरवलं. रावजीने मना केलं. "जिती व्हती तवा वाडगाभर पेज जड झाली आमाला," तो म्हणाला. "आता कोनत्या तोंडानं पंगती घालायच्या?" त्याने भिकाजीसारखी एकटी राहिलेली आणखी दोन म्हातारी माणसं शेजारच्या वाडीत शोधून काढली आणि त्यांचेही वार लावून घेतले.

मुंबईच्या मंडळात महिपतने सगळं जसंच्या तसं सांगितलं. काहींना ते आवडलं नाही. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, सत्कार नीट झाला असं सांगायला काय जात होतं? गावाचं नाव राहिलं असतं." महिपत म्हणाला, "नाव राखण्याच्या नादातच तर भिकाजी गेला!"

पुढे काही वर्षांनी रावजी अंथरुणाला खिळला. त्याला ना मुलगा होता ना सून, पण त्याच्या घरी एकही दिवस पेज आली नाही असं झालं नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या प्रत्येक गावात अशी एखादी जनीआते असते. म्हाताऱ्यांसाठी ती भांडते, धावते, आणि आपण निश्चिंत होऊन तिचे गोडवे गातो. तिच्या डोक्यावरचं ओझं मात्र तिच्याच डोक्यावर राहू देतो. असला मान म्हणजे आपल्या आळसाला घातलेली शाल! तिचा खरा मान करायचा असेल तर ती चालतीबोलती असतानाच तिच्या ओझ्याला आपला खांदा द्या. आणि म्हातारपणाला दोन घास देताना, ह्याचा मुलगा कोण, ह्याचं फेडणार कोण, हे विचारू नका. ज्याचं कोणी नाही तो सगळ्या गावाचा असतो. आणि हे ज्या गावाला कळलं नाही, त्या गावाने कोणाच्याही गळ्यात हार घालू नये!